इंग्रजी साहित्याचा वर्ग आणि मराठी लेखणी

१) सन १८६२. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत चार तरुण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या परीक्षेसाठी त्यांना इंग्रजी भाषा व साहित्याचा अभ्यास करावा लागला होता. त्या वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्याला मात्र स्वतःच्या भाषेतील साहित्य घेऊन पदवी मिळवण्याची सोय नव्हती. हा उलटा क्रम कसा घडला आणि त्यातून मराठीच्या वाट्याला काय आले, याचा हा इतिहास.

२) आधी इंग्लंडकडे पाहू. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी भाषा व साहित्याचे मर्टन प्राध्यापकपद १८८५ मध्ये निर्माण झाले आणि ते भाषाशास्त्रज्ञाकडे गेले. इंग्रजीची स्वतंत्र पदवी तेथे १८९० च्या दशकात आली. केंब्रिजला त्यासाठी १९१७ साल उजाडावे लागले. ‘विद्या’ म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि गणित. शेक्सपिअर हा सभ्य गृहस्थाने दिवाणखान्यात वाचायचा विषय, त्याची परीक्षा कसली घ्यायची, असा तेथील ज्येष्ठांचा सूर होता. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला १७६२ पासून, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ पासून या विषयाची अध्यासने होती. परंतु जुन्या दोन विद्यापीठांनी त्याला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले.

३) हिंदुस्थानात तो विषय आधी रुजला, याचे कारण साहित्यप्रेम नव्हते. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर विद्याप्रसारासाठी दरसाल किमान एक लाख रुपये खर्च करण्याची जबाबदारी टाकली. हा पैसा संस्कृत-अरबी विद्येवर खर्चावा की इंग्रजीवर, हा वाद वीस वर्षे चालला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी थॉमस बॅबिंग्टन मेकॉलेने आपले टिपण सादर केले आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. सरकारला उघडपणे ख्रिस्ती धर्म शिकवणे धोक्याचे वाटत होते. मग नीती, शिस्त आणि राज्यकर्त्यांविषयीचा आदर शिकवायचा कशातून? शेक्सपिअर, मिल्टन, बेकन आणि ॲडिसन यांच्यातून. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासग्रंथात इंग्रजी साहित्य या विषयाच्या घडणीमागील हा वसाहतवादी हिशेब तपशिलाने उलगडला आहे.

४) मुंबई इलाख्यात हा निर्णय निमूटपणे स्वीकारला गेला नाही. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे, असा आग्रह धरत होते. त्याच मंडळावरील जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला विरोध केला. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते मराठी-गुजरातीसारख्या देशभाषांतूनच पोहोचेल, ही त्यांची भूमिका होती, आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनिअर त्यांच्या पाठीशी उभा होता. नानांना इंग्रजीचे वावडे नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. तरीही प्राथमिक शाळा देशभाषेत आणि महाविद्यालय इंग्रजीत, अशीच व्यवस्था अखेर रुळली. भाषेची ही दोन मजली इमारत आजही पुरती मोडलेली नाही.

५) वरच्या मजल्यावर जाण्याचे आमिषही मोठे होते. १८५५ पासून सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. तिचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचा अध्यक्षही मेकॉलेच होता. त्या आराखड्यात इंग्रजी निबंध, इंग्लंडचा इतिहास आणि इंग्रजी साहित्य यांना मिळून १५०० गुण होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. कोणती विद्या किती मोलाची, हे सरकारने आकड्यांतच सांगून टाकले होते.

६) १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. हा नमुना नीट समजून घेतला पाहिजे. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते पाठ्यपुस्तके नेमी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवणे संलग्न महाविद्यालयांकडे. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासाला पहिल्या दिवसापासून परीक्षेचे वळण लागले. उताऱ्याचे स्पष्टीकरण, संदर्भ, कठीण शब्दांचे अर्थ, कवीच्या गुणांची यादी. विद्यार्थ्याने कविता समजून घ्यावी आणि तिचा आदर करावा, एवढीच अपेक्षा होती. त्याने स्वतः कविता लिहावी, असे या रचनेत कोणाच्याही मनात नव्हते. त्याच्या मातृभाषेची गत तर याहून वाईट झाली. १८६० च्या दशकात विद्यापीठाने अभिजात भाषांचा आग्रह धरला आणि मराठी पदवी परीक्षांतून बाहेर पडली.

७) शिकवायला आलेली माणसे मात्र साचेबद्ध नव्हती. १८५७ मध्ये पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, प्राचार्य म्हणून आलेला तरुण कवी एडविन आर्नल्ड चार वर्षांत संस्कृत शिकला. त्याने हितोपदेश इंग्रजीत नेला आणि पुढे १८७९ मध्ये बुद्धचरित्रावर ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य लिहून तो जगभर गाजला. त्याच डेक्कन कॉलेजात आणि नंतर एल्फिन्स्टनमध्ये विल्यम वर्ड्‌स्वर्थ नावाचे प्राध्यापक होते. नाव ओळखीचे वाटते, ते योग्यच आहे: ते कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू. टिळक-आगरकरांच्या पिढीने डेक्कनमध्ये आणि गोखल्यांनी एल्फिन्स्टनमध्ये त्यांचे अध्यापन अनुभवले. राष्ट्रीय सभेविषयी उघड सहानुभूती बाळगणाऱ्या मोजक्या इंग्रजांत पुढे त्यांची गणना झाली.

८) पण सहानुभूतीला सीमा होती, आणि ती रानड्यांना विद्यार्थिदशेतच कळली. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची ब्रिटिश राजवटीशी तुलना केली आणि ती ब्रिटिशांच्या बाजूने केली नाही. प्राध्यापक सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते. पण जे सरकार शिष्यवृत्ती देते त्याच्याविषयी असे लिहिणे त्यांना रुचले नाही. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवण्यात आली. इंग्रजी निबंध लिहायला शिकवणाऱ्या वर्गात त्या निबंधातून स्वतःचे काही सांगण्याची किंमत किती, हे यातून नेमके कळते.

९) त्या पुढच्या पिढीने हा निबंधच उचलून मराठीत आणला. विष्णुशास्त्री चिपळूणकर डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडील कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले, आणि १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. जॉन्सन, ॲडिसन आणि मेकॉले यांच्या गद्याचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो: लांब पल्ल्याची वाक्ये, उपरोध आणि प्रतिपक्षाला शेवटपर्यंत न सोडणारा युक्तिवाद. ज्या मेकॉलेला इंग्रजी विचारांचे हिंदी मध्यस्थ घडवायचे होते, त्याच्याच शैलीचे शस्त्र करून चिपळूणकरांनी इंग्रजी राज्यावर प्रहार केले. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध सरकारने पुढे जप्त केला. सरकारी अभ्यासक्रमातून शिकलेली लेखनकला सरकारलाच जप्त करावी लागली.

१०) गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट याच काळातली. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. तेथील १०१ दिवसांत आगरकरांसोबत ‘हॅम्लेट’ होता. त्या नाटकाचे त्यांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला होता. परीक्षेसाठी नेमलेला शेक्सपिअर अशा रीतीने परीक्षेबाहेर पडला. भाषांतर ही त्या पिढीची लेखनशाळा होती. एकेका संवादाला मराठीत उभे करताना मराठी गद्याला आणि रंगभूमीला नवे बळ येत होते.

११) या वर्गात स्त्रिया कोठे होत्या? जवळजवळ नव्हत्याच. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले, तेव्हा वर्गात त्या एकट्याच होत्या. त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या, त्याही पहिल्या वर्गात. त्यांच्या गुणवत्तेनुसार इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. परंतु स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकवले. १८८९ मध्ये इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या, कायदा शिकल्या आणि १८९२ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हाती पडायला १९२२ साल आले, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. त्यांचा कथासंग्रह आणि आत्मचरित्र मात्र कोणत्याही विद्यापीठाच्या परवानगीवाचून प्रसिद्ध झाले.

१२) आणि ज्यांना महाविद्यालयाचा उंबरठाच ओलांडता येत नव्हता, त्यांचे काय? त्यांच्यासाठी इंग्रजीचा अर्थ वेगळा होता. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला, तो कोणी नेमला होता म्हणून नाही. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. जातीने ज्यांच्यावर ज्ञानबंदी लादली त्यांना इंग्रजी ही परक्या राज्यकर्त्याची भाषा असूनही सुटकेची वाट दिसत होती. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्पष्ट सांगितले, की रयतेच्या करातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या जातींनाच मिळतो आहे. ‘गुलामगिरी’च्या त्या अर्पणपत्रिकेचा धागा जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा हाती येतो.

१३) दरम्यान, पहिल्या चौघांपैकी एक जण जुने काम विसरला नव्हता. न्यायमूर्ती झालेले रानडे विद्यापीठाच्या कारभारात राहून देशभाषांना परत स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झटत राहिले. मराठीत विद्यापीठीय अभ्यासाला योग्य साहित्य आहे तरी का, हा आक्षेप होता. १८९८ मध्ये रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहून त्याला उत्तर दिले. त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस मराठीला एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. जानेवारी १९०१ मध्ये ते वारले. इंग्रजी साहित्य शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधराला आपल्या भाषेचे साहित्य त्याच विद्यापीठाच्या दारातून आत आणायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

१४) येथवर ‘साहित्य शिकणे’ म्हणजे वाचणे आणि समीक्षा करणे. ‘लिहायला शिकणे’ हा विद्यापीठाचा विषय कधी झाला? केंब्रिजमध्ये १९१२ मध्ये प्राध्यापक झालेल्या आर्थर क्विलर-कूच या कादंबरीकाराने लेखनकलेवर व्याख्याने दिली. ती १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली. अमेरिकेत हार्वर्डमध्ये १८८० च्या दशकापासून लेखनाचे प्रगत वर्ग होते. खरे वळण आले ते अमेरिकेच्या मध्यभागी, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा राज्यात. १९२२ मध्ये आयोवा विद्यापीठाने घोषणा केली, की उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील कलाकृतीही स्वीकारली जाईल. कवितासंग्रह लिहा आणि पदवी घ्या, ही कल्पना तेव्हा धाडसी होती.

१५) १९३६ मध्ये तेथे विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखाली ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू झाले, आणि १९४१ पासून चोवीस वर्षे कवी पॉल एंगल यांनी ते वाढवले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली तेव्हा विद्यार्थ्यांचा लोंढा आला आणि नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींत वर्ग भरू लागले. पद्धत साधी होती. कथा किंवा कविता चक्रमुद्रित करून आधी सर्वांना वाटायची. वर्गात सहाध्यायी तिची चिरफाड करणार आणि लेखकाने त्या वेळी गप्प बसून ऐकायचे. ‘लेखक जन्मावा लागतो, घडवता येत नाही’ या समजुतीला हे उत्तर होते: प्रतिभा देता येत नाही, पण कान तयार करता येतो. फ्लॅनरी ओ’कॉनरसारखी कथाकार याच वर्गातून पुढे आली. इंग्लंडमध्ये असा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी सुरू केला. इयन मॅक्‌इवन हा त्याचा पहिला विद्यार्थी.

१६) महाराष्ट्रातील विद्यापीठांत त्या काळी असे काही नव्हते. तरीही विसाव्या शतकातील मराठी साहित्याकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: त्यातील कितीतरी लेखकांचा पोटापाण्याचा उद्योग इंग्रजी शिकवण्याचा होता. ज्यांच्या ‘काही कवितां’वर अश्लीलतेचा खटला झाला आणि ज्यांनी मराठी कवितेचा मोहराच बदलला, ते बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत जाण्यापूर्वी काही काळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. धारवाडला राहून मराठी कथेला नवी खोली देणारे जी. ए. कुलकर्णी इंग्रजीचे प्राध्यापक. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. गौरी देशपांडे, विलास सारंग याच वाटेवरचे. मराठीला मिळालेल्या पहिल्या चार ज्ञानपीठ पुरस्कारांपैकी दोन, २००३ चा आणि २०१४ चा, इंग्रजी शिकवणाऱ्या लेखकांना मिळाले.

१७) याचा अर्थ ते इंग्रजीची नक्कल करत होते असा नाही. दिवसा वर्गात परकी कविता उलगडायची आणि रात्री आपल्या भाषेत त्या कवितेला शोभेल असे, पण तिच्यासारखे नसलेले काही लिहायचे, ही त्यांची दुहेरी नोकरी होती. तिच्यातला ताणही साहित्याचा विषय झाला. १९६३ च्या ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या महाविद्यालयात येतो आणि त्या शिक्षणाचा फोलपणा अंगावर घेऊन गावी परततो. ‘बिढार’पासून सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांत नेमाड्यांनी चांगदेव पाटील हा गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत फिरणारा अध्यापकच नायक केला. १८३५ च्या त्या निर्णयाचा परिणाम लहान गावातल्या एका साध्या मास्तरच्या आयुष्यात कसा उतरतो, हे समजून घ्यायला या कादंबऱ्या इतिहासाच्या पुस्तकांइतक्याच उपयोगी आहेत.

१८) लेखनाची कार्यशाळा मराठीत होती, पण ती विद्यापीठाबाहेर भरत असे. एक जागा ‘सत्यकथा’ मासिकाची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचत, लेखकाला पत्र लिहीत, पुनर्लेखन सुचवत. दुसरी जागा तिच्या विरोधात उभी राहिली. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. आयोवाच्या बराकींत ज्या तंत्राने विद्यार्थ्यांच्या कथा छापल्या जात होत्या, त्याच स्वस्त तंत्रावर मुंबईत एक कवितेची चळवळ उभी राहत होती. १९६९ मध्ये बंडखोर तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही केली. कोणत्याही वर्गात इतकी कडक समीक्षा झाली नसेल.

१९) तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे हे प्राचार्य होते. त्यांनी अमेरिकेत इंग्रजी साहित्याचे उच्च शिक्षण घेतले होते आणि येताना ते आफ्रिकी-अमेरिकी लेखकांच्या साहित्याची ओळख घेऊन आले. आपल्या जगण्याचे साहित्य आपणच लिहायचे, हा विचार त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. त्यांच्या आणि गंगाधर पानतावणे यांच्या प्रयत्नांतून आधी ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे राहिले. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ‘दलित पँथर’ने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. फुल्यांच्या १८७३ च्या अर्पणपत्रिकेतील धागा येथे पुन्हा जुळला. इंग्रजीच्या अभ्यासाने या वेळी मिल्टनचा आदर शिकवला नाही. त्याने समोरच्या बाकावरच्या मुलाला ‘तूही लिही’ असे सांगितले.

२०) अखेर मराठी लेखणी आयोवालाही पोहोचली. पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार हुआलिंग न्ये यांनी १९६७ मध्ये तेथे जगभरातील लेखकांसाठी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. १९७५ ते १९७७ या काळात दिलीप चित्रे तेथे होते. भारतात त्याच सुमारास आणीबाणी होती. या कार्यक्रमाला अमेरिकी परराष्ट्र खात्याचे अर्थसाहाय्य होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शीतयुद्धात लेखकांची मने जिंकणे हा राजकारणाचा भाग होता. मेकॉलेच्या काळात सत्तेने इंग्रजी वाचनावर पैसा लावला, एंगलच्या काळात लेखनावर. दोन्ही वेळा साहित्य शिकवण्यामागे तिजोरी होती आणि तिजोरीमागे हेतू होता.

२१) तरी हेतू आणि फळ यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्रे यांनी अनेक दशके सतराव्या शतकातल्या तुकारामाला इंग्रजीत आणण्याचे काम केले. १९९१ मध्ये ‘सेज तुका’ हे पुस्तक आले आणि जगभरच्या इंग्रजी वाचकांना देहूचा वाणी भेटला. तिकडे विंदा करंदीकरांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणला. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये तर लिअरची शोकांतिका एका वृद्ध मराठी नटाची होऊन घराघरांत पोहोचली. ज्या प्रेक्षकांनी इंग्रजीचा एकही वर्ग पाहिला नव्हता तेही त्या प्रयोगाला रडले.

२२) आज इंग्रजी साहित्याला प्रवेश घेणाऱ्या तरुणाला घरातून हमखास एक प्रश्न विचारला जातो: ‘याचा पुढे उपयोग काय?’ १८३५ मध्ये सरकारकडे त्याचे उत्तर तयार होते. हा विषय आज्ञाधारक मने घडवील, असे त्याला वाटले. या विषयाच्या सावलीतून निघाला सहा महिने शिष्यवृत्ती गमावणारा रानडे, तुरुंगात हॅम्लेट घेऊन बसणारा आगरकर, शिष्यवृत्ती नाकारली तरी न थांबलेली कॉर्नेलिया, आणि मिलिंद महाविद्यालयातील ते विद्यार्थी. त्यांच्यापैकी कोणालाही अभ्यासक्रमाने लिहायला सांगितले नव्हते. प्रश्नपत्रिकेत नसलेला तो प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, आणि उत्तर बहुधा आपल्या भाषेत लिहिले.